सरासरीकाका

सरासरीकाकांना "काय काका, कसे आहात?" असं विचारण्यात अर्थ नाही. "बावीस पॉइंट चार," असं उत्तर येतं. हा त्यांचा ताशी वेग. मागच्या महिन्यात तो बावीस पॉइंट सहा होता, त्यामुळे सध्या ते जरा खचलेले असतात. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय.

उभी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीनंतर तपासायला दुसऱ्याचे हिशेब उरले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःलाच तपासायला घेतलं. डॉक्टर नुसतं म्हणाले होते, "सायकल चालवा." काकांना ऐकू आलं, "चालवल्याचा पुरावा जोडा." मग मुलानं बिनतारी सायकल कॉम्प्युटर आणून दिला.

यंत्र तसं साधं. पुढच्या चाकाच्या स्पोकला चुंबक, फोर्कवर सेन्सर आणि हँडलवर काड्यापेटीएवढा पडदा. चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक फेरा. फेऱ्यांना चाकाच्या परिघानं गुणलं की अंतर. परीघ मात्र आपण भरायचा. पुस्तिकेत ७०० × २५ च्या टायरला २१०५ मिलिमीटर दिलेला होता. तुम्ही-आम्ही तो टाकून निघालो असतो. काकांनी पार्किंगमध्ये खडूनं रेघ मारली, चाकाचा व्हॉल्व्ह रेघेवर आणला आणि एक फेरा होईल तिथं दुसरी रेघ मारली. मग त्यांच्या लक्षात आलं, की माणूस बसला की टायर दबतो आणि अंतर घटतं. म्हणून ते स्वतः सीटवर बसले, वॉचमननं मागून ढकललं आणि काकूंनी टेप धरली. भरलं २०८८.

"सतरा मिलिमीटरचा घोळ!" काका गरजले. "चाळीस किलोमीटरला सव्वातीनशे मीटर फुकटचे!"

इतका सचोटीचा माणूस सरासरीचा प्रश्न आला की कुठल्या थराला जाईल ते सांगता येत नाही. सायकल थांबली की यंत्राचं घड्याळही थांबतं, हे कळल्यापासून काका रस्त्यात तासभर उभं राहून गप्पा मारतात. पण "चला, बोलत बोलत जाऊ" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. हळू चालणारी सायकल त्यांना सोसत नाही. गेटपासून जिन्यापर्यंत सायकल हातात धरून आणायची वेळ आली, तर ते पुढचं चाक उचलून धरतात. चाक फिरलं, तर ताशी चार किलोमीटरची नोंद व्हायची! सकाळी दूध घेऊन येणाऱ्या बायका या वरातीला आता सरावल्या आहेत.

कॅलरींचं खातं काकू सांभाळतात. काकांचं यंत्र कॅलरी मोजतं ती वेगावरून. पाय चालताहेत की नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही. त्यामुळे सिंहगडाचा घाट धापा टाकत चढताना कॅलरी रखडतात आणि पाय न हलवता सुसाट उतरताना भराभर जळतात. डोणज्याला पोचेपर्यंत पडद्यावर मिसळीपुरती शिल्लक जमलेली असते. "खर्ची पडायलाच हवी," असं काका म्हणतात. काकूंनी कपाटातल्या जुन्या पँटचं बटण पुरावा म्हणून दाखवलं. काकांनी तो कागदोपत्री नसल्यामुळे फेटाळला.

छातीला ठोके मोजणारा पट्टा आला तेव्हा मात्र जरा गंभीर प्रसंग ओढवला. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, असं सूत्र. काका चौसष्टचे, म्हणजे मर्यादा १५६. कात्रजच्या चढावर आकडा १६४ झाला. काका सायकलवरून उतरून मैलाच्या दगडावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "हिशेबानं पाहिलं तर मी आत्ता हयात नाही." ते सूत्र चारचौघांच्या सरासरीचं असतं, एखाद्याचं दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळं निघतं, असं मी समजावलं. पण सरासरीपासून वेगळं निघणं हा त्यांच्या मते हृदयाचा बेशिस्तपणा होता.

पहिलं यंत्र तर साधं बिनतारी होतं. उच्चदाबाच्या तारांखाली ते बावचळायचं. एकदा काका तारांखाली उभे राहून पाणी पीत होते आणि पडद्यावर कमाल वेग उमटला ताशी ब्याण्णव. तो पुसून टाका म्हटलं, तर म्हणाले, "एकदा नोंद झाली की खाडाखोड करता येत नाही." नवं डिजिटल यंत्र आलं तरी तो ब्याण्णव त्यांच्या वहीत शाईनं लिहिलेला आहे, शेऱ्यासकट: 'पाणी पिताना.'

परवा खडकवासल्याच्या अलीकडेच यंत्रातला चपटा सेल संपला. पडदा कोरा. काका तरीही डोणज्यापर्यंत गेले, मिसळ खाल्ली, परत आले. वाटेत दोघांना मागं टाकलं, असं वॉचमनला सांगत होते. पण रात्री वही उघडली आणि त्या तारखेपुढं लिहिलं, 'निरंक.'

"अहो, निरंक काय? चांगले चाळीस किलोमीटर गेलात की!" काकू म्हणाल्या.

"नोंद नाही म्हणजे गेलो नाही."

"मग ती मिसळ कुणी खाल्ली?"

काकांनी क्षणभर पेन दाताखाली धरलं. मग दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'मिसळ – एक, आगाऊ.'