वर्षाचे तीन अर्धे

रेडिंग, इंग्लंड
मे महिन्यातला शेवटचा रविवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, ‘‘असलं काय मला तोंडी समजत नाही, लेखी कळव.’’ म्हणून कळवते. मागच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या सात चुकांना लाल पेनानं गोल करून तुम्ही ते परत पाठवलं होतंत, तेव्हा या खेपेला जपून लिहिते आहे. आणि हे आईला मोठ्यानं वाचून दाखवणार असाल, तर आकडे गाळून वाचा.

झालंय असं, की आमचे चिरंजीव हुशार निघाले. मार्चमध्ये पालकसभेत त्याच्या बाई म्हणाल्या, पोरगा वर्गाच्या बराच पुढं आहे, त्याचा कस लागेल अशी शाळा बघा. आपल्याकडं एवढ्यावर पेढे वाटून विषय संपला असता. इथं तो तिथून सुरू होतो. तुमचे जावई त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसले आणि पहाटे दोनला मला हलवून म्हणाले, ‘‘अगं, ईटन आपल्या घरापासून पाऊण तासावर आहे!’’ मी म्हटलं, जोतिबाचा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो, म्हणून आम्ही रोज चढून जातो का? पण त्यांचा चैत्र सुरू झाला होता. गुलाल उडालाच.

या बड्या शाळांची रीत ऐका. मूल दहा वर्षांचं असताना जूनअखेरीपर्यंत नाव घालायचं, अकराव्या वर्षी परीक्षा, आणि प्रवेश तेराव्या वर्षी. आपल्याकडं लग्नंसुद्धा आता इतकी आधी ठरत नाहीत. परीक्षा संगणकावर. गणित, इंग्रजी, आणि दोन बुद्धिमत्ता चाचण्या: एक शब्दांची, एक बिनशब्दांची. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. म्हणजे जो जास्त हुशार, तो जास्त घाम पुसत बाहेर पडतो. बिनशब्दांचा पेपर म्हणजे आपल्या स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्याच आकृत्या. एक करंजीसारखी आकृती, तिच्या पोटात दोन ठिपके, ती एकदा उजवीकडं फिरली, मग उलटी झाली, तर पुढची करंजी कशी दिसेल? मी म्हटलं, तळलेली. ह्यांनी घड्याळ लावून सराव पेपर सोडवला आणि वीसपैकी नऊ आले. चिरंजीवांना अठरा. तेव्हापासून घरात गणिताचा अभ्यास कोण कोणाचा घेतं, हे विचारू नका.

आता आकड्यांचा परिच्छेद. आईला इथं पाणी आणायला पाठवा.

२०२५ च्या जानेवारीपासून इथल्या सरकारनं खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला. तो धरून ईटनची वर्षाची फी ६० हजार पौंडांच्या वर गेली आहे. पाच वर्षांचे ३ लाखांहून जास्त झाले. पौंड, बाबा. तुम्ही आता पाटी घेऊन रुपये करायला बसाल, ते बसू नका. आमच्या घरावरचं कर्ज याहून कमी आहे, आणि त्या घराला निदान छप्पर आहे जे आमचं होईल.

आणि गंमत म्हणजे हे मुळात बोर्डिंग होतं! तुमच्या अर्थानं बोर्डिंग. सहाव्या हेन्री राजानं १४४० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ७० गरीब मुलांना फुकट राहता-शिकता यावं म्हणून ईटन काढलं. तेही स्वतःच्या डोक्यानं नाही. विंचेस्टरची शाळा १३८२ ची, तिथंही ७० च मुलं. हेन्रीनं तिथले नियम उचलले, ७० चा आकडा उचलला, आणि शेवटी तिथले हेडमास्तरही उचलून आणले. कॉपी पकडली गेली नाही, कारण पर्यवेक्षक तोच होता. मग हळूहळू त्या सत्तर जणांच्या शेजारी पैसे देणारे येऊन राहिले. आज ईटनमध्ये तेराशेच्या आसपास मुलं आहेत. परीक्षा देऊन आलेले ७० ‘किंग्ज स्कॉलर’ अजून आहेत, काळा झगा घालतात, पण स्कॉलर असणं म्हणजे गरीब असणं नाही. गरजू मुलांना फीत मोठी सवलत मिळते, काहींची तर सगळीच माफ होते. पण बाकीच्यांचं काय चालतं ते वरच्या परिच्छेदात आलंच आहे. बाहेरच्या ‘पब्लिक’साठी खुली म्हणून अशा शाळेला पब्लिक स्कूल म्हणायचे, ते नाव तेवढं राहिलं.

मला सारखा आपला दसरा चौक आठवतो. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढलं, मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अशी कोल्हापुरात रांगच लागली. ते बघून भाऊराव पाटलांनी साताऱ्यात. तिथं पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते तुम्ही आम्हाला दरवर्षी सांगायचात आणि दरवर्षी त्याच वाक्याला तुमचा चष्मा खराब व्हायचा. आपल्या गावाकडं ‘बोर्डिंगात शिकला’ म्हणजे घरात काही नसताना शिकला. इथं ते वाक्य मी मंडळाच्या गणपतीत बोलले, तर बायका आधी माझ्या हातातल्या बांगड्या मोजतील.

असो. तर आम्ही बघायला गेलो.

ईटनमध्ये शेपटीवाला काळा कोट घातलेल्या एका मुलानं आम्हाला फिरवलं. वय असेल सोळा, पण बोलत होता निवृत्त जिल्हाधिकाऱ्यासारखं. तिथं मास्तरला ‘बीक’ म्हणतात, म्हणजे चोच. सत्राला ‘हाफ’ म्हणजे अर्धा म्हणतात, आणि असे हाफ वर्षात तीन असतात. चिरंजीवांनी तिथंच थांबवून विचारलं, ‘‘तीन अर्धे मिळून एक कसं होईल?’’ तो जिल्हाधिकारी पहिल्यांदाच सोळा वर्षांचा दिसला. बाबा, एकोणचाळीस वर्षं अपूर्णांक शिकवून तुम्हाला जे शोधता आलं नाही, ते या लोकांनी कधीच करून ठेवलंय. मग त्यानं एक भिंत दाखवली. तिला घासत चिखलात एक खेळ खेळतात. त्याच्या मुख्य सामन्यात शेवटचा गोल १९०९ साली झाला. हे हळूच म्हणाले, कॅरेक्टर बिल्डिंग. मी म्हटलं, एवढा धीर तर म्युनिसिपालटीच्या नळाला रांग लावून फुकटात येतो.

खरं सांगू? खोली बघून मात्र मी गप्प झाले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली. पलंग, टेबल, खिडकीबाहेर हिरवं. बोर्डिंगात तुम्ही आठ जण एका खोलीत निजायचात आणि एकाच्या कुशीवर वळण्यानं आठही वळायचे, ते आठवलं. आणि लगेच दुसरं आलं मनात, की हा रात्री दोनला उठून पाणी मागतो, तेव्हा त्या खोलीत कोण असेल.

विंचेस्टरला ह्यांचा जीव जास्त रमला. तिथल्या मुलांची स्वतःची बोली आहे. अभ्यासाच्या खणाला ‘टॉइज’ म्हणतात आणि संध्याकाळच्या अभ्यासाला ‘टॉयटाइम’. धाकटी एवढं ऐकूनच शाळेत जायला तयार झाली. तिथल्या स्वयंपाकघराजवळ एक जुनं चित्र आहे: आदर्श सेवक. त्याला डुकराचं तोंड, कारण मिळेल ते खातो. तोंडाला कुलूप, कारण घरातलं बाहेर बोलत नाही. कान गाढवाचे, म्हणजे सोशिक. पाय हरणाचे, सांगितल्या कामाला पळणारा. आम्ही सगळे चित्र बघत होतो, तर हे बराच वेळ काही बोलेनात. शेवटी म्हणाले, ‘‘यांना माझा फोटो कुठं मिळाला?’’ ऋषी सुनक याच शाळेचे, हे तुमच्या जावयांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं. नेहरू हॅरोचे, हे मी एकदाच सांगितलं. हॅरोला आम्ही गेलो नाही. तिथं मुलांना गवताची चपटी टोपी घालतात आणि चिरंजीवांचं डोकं आपल्या घराण्याचं आहे, त्यावर काहीही टिकत नाही.

नाव सांगत नाही, पण एका शाळेत जेवण होतं. ह्यांनी आधी कळवून शाकाहारी सांगितलं होतं. आमच्या पुढ्यात उकडलेला भोपळा आला, वर एक पान. मी ते पान बाजूला ठेवलं, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘तेच तर मुख्य आहे.’’ चिरंजीव तोवर पलीकडच्या टेबलावर सॉसेजची दुसरी खेप घेत होते. (हेही आईला गाळा.)

आता एक शाळा अशी आहे की तिचं नाव आईसमोर काढूच नका. क्राइस्ट्स हॉस्पिटल. नातवाला हॉस्पिटलात ठेवायचं चाललंय म्हटल्यावर ती अंबाबाईला नवस बोलून मोकळी होईल. ही शाळा ससेक्समध्ये हॉर्शमजवळ आहे. १९०२ पर्यंत लंडनात होती. सहाव्या एडवर्डच्या काळात, १५५२ साली, गरीब मुलांसाठी काढलेली, आणि आश्चर्य म्हणजे अजून त्या शब्दाला बरीचशी जागलेली. आईबापांच्या कमाईप्रमाणे फी. कोलरिज आणि चार्ल्स लॅम इथलेच. गणवेश शाळा फुकट देते, पण तो ट्यूडर काळातला: पायघोळ निळा डगला, गुडघ्यापर्यंत विजार, आणि खाली पिवळेधमक मोजे. अगदी हळदीत बुडवून काढलेले. दुपारी बँड वाजतो आणि सगळी शाळा त्या तालावर कवायत करत जेवायला जाते. चिरंजीव म्हणाले, इथं जेवायला जायची वरात निघते. त्यांना ही शाळा मनापासून आवडली. आमची मात्र पंचाईत अशी, की फी ठरवायच्या तक्त्यात आम्ही नेमके मधले. गरीब म्हणावं तर लाज वाटते, श्रीमंत म्हणावं तर पैसे द्यावे लागतात.

धाकटीनं मध्येच विचारलं, की या भावाच्याच शाळा का बघताय? मी म्हटलं, तुझ्या वेळी बघू. ती म्हणाली, हे तू मोबाईलबद्दलही म्हणाली होतीस.

परत येताना गाडीत हे मुलाखतीची तयारी घेत होते. बड्या शाळांतून मुलांशी गप्पा मारून पारखतात म्हणे. ह्यांनी जड आवाज काढून विचारलं, ‘‘तुझ्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा?’’ उत्तर म्हणून ह्यांनी आइन्स्टाइन पाठ करून घेतला होता. चिरंजीव म्हणाले, ‘‘आजोबा.’’ का? ‘‘कारण एसटी वळणापलीकडं असतानाच आवाजावरून ती कितव्या गिअरमध्ये आहे ते त्यांना कळतं.’’ बाबा, ही गोष्ट तुम्ही त्याला कधी सांगितलीत? गारगोटीच्या गाडीतून आजीनं पाठवलेला डबा यायचा, म्हणून तुम्ही स्टँडवर कान देऊन उभे राहायचात, कंडक्टर खिडकीतून डबा द्यायचा, भाकरी गार पण खर्डा तसाच. त्यानं आम्हाला ते सगळं रस्ताभर सांगितलं. ह्यांनी आइन्स्टाइन परत काढला नाही.

त्या रात्री आम्ही दोघं बसलो. मी ह्यांना दादाची गोष्ट सांगितली. तो सातारच्या सैनिक शाळेची परीक्षा पास झाला होता, तुम्ही कपड्यांवर घालायला नावाच्या पट्ट्यासुद्धा शिवून आणल्या होत्या, आणि आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या पट्ट्या कपाटात ठेवल्यात. स्वतः बोर्डिंगात वाढलेल्या माणसानं ‘‘राहू दे, इथंच शिकेल’’ म्हटलं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्हाला घरी शाळा नव्हती म्हणून बोर्डिंग. आमच्या मुलाला घरी सगळं आहे, आणि ते सोडून जायला आम्ही ३ लाख पौंड द्यायला निघालो होतो. यात त्याचा अभ्यास किती आणि गणपतीत ‘‘आमचा ईटनला असतो’’ म्हणायची आमची हौस किती, याचा हिशेब ह्यांनी मांडायला घेतला आणि मध्येच चहा करायला उठले.

तर सध्या दोन ठिकाणी नाव घालतोय. एक ते हॉस्पिटल. दुसरी आमच्याच गावची सरकारी शाळा, रेडिंग स्कूल. स्वतःची स्थापना ती ११२५ ची सांगते, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी दीडशे वर्षं. शिक्षण फुकट, फक्त परीक्षा कडक. तिथंही थोड्या मुलांसाठी बोर्डिंग आहे आणि त्यात राहणाऱ्यांनी तेवढे राहण्याजेवणाचेच पैसे द्यायचे, पण आमचा पास झाला तर रोज घरून जाईल, सतरा वेळा काहीतरी विसरून. परीक्षा सप्टेंबरात आहे. करंज्या फिरवणं चालू आहे. ईटनच्या नोंदणीची फी परत मिळत नाही, हे कळल्यावर ह्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवलाय. फाडलेला नाही, हेही कळवते.

एक काम आहे. इथल्या बोर्डिंगच्या मुलांकडं खाऊची कुलूपवाली लाकडी पेटी असते, तशी दुकानात बघितली तर चिरंजीव म्हणाले, नको, मला आजोबांची पत्र्याची ट्रंक हवी. रोज बसनं घरी येणाऱ्या मुलाला ट्रंक कशाला, म्हटलं तर म्हणतो, डबा ठेवायला. ती माळ्यावर आहे आणि तिच्यात आईनं पितळेची भांडी भरली आहेत. डिसेंबरात आम्ही येऊच. तोवर भांडी दुसरीकडं हलवता आली तर बघा, आणि किल्ली आईच्या कोणत्या डब्यात आहे ते तेवढं तिला न विचारता शोधून कळवा.

आईला नमस्कार. तिच्यापुरतं एवढंच सांगा, की पोरं जेवतात.

तुमची,
ताई

ता. क. शुद्धलेखन तपासून पत्र परत पाठवाल, तेव्हा ‘टॉइज’चं ऱ्हस्वदीर्घ तपासू नका. ते मराठी नाही.