पोळी सोडल्याचा दंड

"घट्ट धरू का सैल?" टेलरताईंनी विचारलं.

दहा वर्षं या बाईंनी माझी मापं वाढवत नेली आणि कधी चकार शब्द काढला नाही. वहीतला जुना आकडा खोडून नवा लिहायचा आणि वर "मागच्या वेळचं कापडच आटलं बघा" अशी माझी समजूत घालायची, असा आमचा सभ्य व्यवहार. आज पहिल्यांदाच त्यांना पेच पडला होता. माझ्या दंडाभोवती टेप घट्ट धरली तर साडेअकरा इंच, सैल धरली तर चौदा. मधले अडीच इंच टेपखाली निवांत झुलत होते. गायरानावरच्या अतिक्रमणासारखे. दिसतात सगळ्यांना, नोंद कुठंच नाही.

"पण ब्लाऊज स्लीव्हलेस शिवायचाय ना? मग दंडाचं माप कशाला?"

"असू द्या," दोन्ही आकडे वहीत लिहीत त्या म्हणाल्या. "ऐनवेळी मन बदललं तर."

हा ब्लाऊज माझ्या एकतीस किलोंचं बक्षीस होता. ९४ वरून ६३, चौदा महिन्यांत. कसे गेले ते विचारू नका. म्हणजे विचाराच, मी वाटच बघत असते. दिवसातून दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत. हा नियम सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवत होते, तेव्हापासून माझं निम्मं माहेर पाहुण्याला पाणी देतानाच "तुमचं दुसरं जेवण कितीला असतं?" असं विचारतं. मी त्यात पदरची भर घालून पोळीही सोडली. लातुरात तुरीच्या डाळीचं ३० किलोचं पोतं हमाल पाठीवर घेतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघावं. तेवढं पोतं आणि वर एक किलो, मी वीस वर्षं नांदेडच्या घराच्या जिन्यावरून वर-खाली नेलं. आता पोतं रिकामं झालं. बारदाना मात्र माझ्याकडंच राहिला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं बारदान्याचं कारण मला व्यवस्थित माहीत आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. त्वचेत कोलॅजेन आणि इलास्टिन अशी प्रथिनं असतात. ती ताणलेल्या त्वचेला परत जागेवर आणतात. पण वर्षानुवर्षं ताणून ठेवलं आणि वरून वयही झालं, की परकराच्या जुन्या इलास्टिकसारखी त्यांची परत येण्याची इच्छाच संपते. नववीच्या वर्गात एकदा फळ्यावर 'जडत्व' लिहिलं, खाली रेघ ओढली, खडू ठेवला आणि वळून म्हणाले, "उदाहरण द्या." सगळा वर्ग माझ्या उजव्या हाताकडं बघत होता. मी थांबले होते. दंड अजून रेघ ओढत होता. "बस थांबली तरी प्रवासी पुढं झुकतो," असं पहिल्या बाकावरच्या मुलीनं चटकन सांगितलं आणि माझी अब्रू राखली. तिला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

हा अवयवच मुळात द्वाड. त्याचं नावच दंड. लोक शड्डू ठोकून दंड थोपटतात, मी थोपटला तर तो पुढचं अर्धं मिनिट स्वतःच स्वतःला थोपटत राहतो. तालमीतल्या पोराचा दंड भरला म्हणजे कौतुक, माझ्यासारखीनं दंड भरला म्हणजे पावती. दंड काढून दंड भरतो, असं जिममधल्या पोरानं सांगितलं. एवढं शुद्ध मराठी आपण बोललो, याचा त्याला पत्ताही नव्हता. मी दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरून सकाळी हात वर-खाली करायला लागले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते ज्या घरानं बघितलं त्या घरची मी मुलगी. व्यायाम झाला की बाटल्या कुंड्यांत रिकाम्या करायचे. सहा महिन्यांत आतला स्नायू जरा टणक झाला, जास्वंद मात्र जोरात फुटली. कातडं होतं तिथंच, वाळत घातलेल्या टॉवेलासारखं.

आता इथं मला थोडं गुरांविषयी बोलायचं आहे. घाई असेल त्यांनी पुढं जावं.

माझे वडील पशुसंवर्धन खात्यात होते. लहानपणी इतर मुलींना त्यांचे बाप जत्रेला न्यायचे, मला दादा हंडरगुळीच्या गुरांच्या बाजारात न्यायचे. तिथं व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करत, तोंडानं मात्र पावसापाण्याचं बोलत. दादा जनावराचं तोंड शेवटी बघायचे. आधी गळ्याखाली हात घालायचे आणि मला म्हणायचे, "बाई, पोळी बघ." गाईच्या गळ्याखाली जे सैल कातडं लोंबतं त्याला आमच्याकडं पोळी म्हणतात. देवणी म्हणजे आमच्या लातूरचं जनावर. वानेरा, शेवरा, बालंक्या असे तिचे रंगावरून प्रकार, कान लोंबते आणि गळ्याला भरदार, घड्या पडलेली पोळी. ती गीर गाईकडून आली, असं दादा सांगत. सासर नांदेडचं, तिथली लालकंधारी. तीही पोळीवालीच. एवढ्या सैल कातड्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते, म्हणून ही जनावरं मराठवाड्याच्या उन्हात उभी राहू शकतात, असं म्हणतात. दादा आणखी एक करायचे. मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडायचे. चटकन बसलं तर जनावर निरोगी, तसंच उभं राहिलं तर अंगात पाणी नाही, सौदा नको.

पुढं कॉलेजात संस्कृतच्या सरांनी सांगितलं, की न्यायशास्त्रात गाईचं लक्षणच मुळी पोळी. तिला तिथं सास्ना म्हणतात. शिंगं म्हशीलाही असतात, शेपूट गाढवालाही असतं, पण जिला सास्ना असते ती गाय. म्हणजे आपल्या पूर्वजांनी सबंध गोत्व या लोंबत्या कातड्यावर टांगून ठेवलेलं आहे. गाईला पोळी असली की ती जातिवंत, तिचा भाव वाढतो. मला दोन्ही दंडांना एकेक पोळी, आणि माझ्यासमोर लोक क्रीमच्या जाहिराती धरतात. मी चौदा महिने पोळी खाल्ली नाही आणि पोळी मलाच लोंबली, या न्यायाला कोणत्या शास्त्रात जागा आहे, ते त्या सरांना विचारायला हवं होतं.

असो. शेवटचा उपाय म्हणून एका प्लास्टिक सर्जनला दाखवलं. डॉक्टर सज्जन होते. शस्त्रक्रियेचं नाव ब्रॅकिओप्लास्टी. वजन काही महिने स्थिर राहिलं पाहिजे, मग जादा कातडं कापून शिवायचं. काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूनं व्रण राहतो. आमच्या आजीच्या पिढीत दोन जुनी लुगडी जोडून मधे जी शिवण घालत, तिलाही दंडच म्हणत. म्हणजे दंडाला दंड घालायचा आणि त्यासाठी दंड भरायचा. मी विचारलं, "व्रण दिसेल का हो?" ते म्हणाले, "बाहीत झाकून जाईल." स्लीव्हलेस घालता यावा म्हणून हात कापून घ्यायचा आणि कापल्याचं झाकायला बाही लावायची. मी फी देऊन, नमस्कार करून घरी आले.

मे महिन्यात भाचीचं लग्न लातुरात. पारा ४२. स्लीव्हलेस घातला, मन बदललं नाही. फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून गळ्यापर्यंत ओढून घेतला आणि सबंध लग्न गोणीत बसल्यासारखी बसले. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. मी बारीक झाल्याची बातमी त्या सगळ्या रस्त्यांनी गेली होती आणि प्रत्येक रस्त्यानं वेगळी. एकीकडं शुगर, दुसरीकडं थायरॉईड, तिसरीकडं नवऱ्याशी पटत नाही. "लई वाळलीस गं, बरं नाही का?" असं चौघींनी कुजबुजून विचारलं. "छान दिसायलीस," असं कुणी म्हणेना. याच्यासाठी का मी चौदा महिने भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत जेवले? मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकायला पदरातून हात काढला. मी एकदाच टाकल्या. दंडानं दोनदा.

त्या रात्री मला खरंच राग आला होता. लोकांचा कमी, माझा जास्त. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईनं अडीच इंच कातड्यापायी भाचीचं लग्न धड बघू नये?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. दावणीला आता बैल नाहीत, दारात ट्रॅक्टर आहे. तरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खांदमळणी चुकवत नाहीत. मातीच्या बैलजोडीच्या खांद्यांना हळद आणि लोणी लावतात, उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. ट्रॅक्टरच्या बॉनेटलाही एक बोट लावतात, उगाच वाईट वाटायला नको. वाटीत थोडं लोणी उरलं होतं. मी भांडी उचलायला वाकले तशी त्यांनी माझा हात धरला, बाही वर सारली आणि काही न बोलता दंड चोळायला सुरुवात केली.

त्यांच्या स्वतःच्या दंडावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. लग्नाच्या वर्षी गोंदलं तेव्हा ते सरळ उभं असणार. आता कातडं ओघळलंय, त्यामुळं तुळस एका अंगाला कलली आहे. मला नीट दिसावी म्हणून त्या कातडं दोन बोटांनी ताणून धरतात.

"बहात्तरच्या दुष्काळात ह्याच हातानं खडी फोडली," त्या म्हणाल्या. "नवीनच लग्न झाल्तं. सुकडीवर दिवस काढले. तवा बारीक व्हायला कुणाला पैसे द्यावं लागत नव्हते." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "तवा चिमटा घेतला की कातडं तसंच उभं राहायचं बघ, खालीच बसायचं नाही. गाईचं बी आन माणसाचं बी. गाय तर इकावीच लागली."

आणि त्यांनी माझ्या दंडाचा चिमटा घेतला. दादा घ्यायचे तसाच. सोडला. आम्ही दोघी बघत राहिलो. कातडं क्षणभर रेंगाळलं, मग बसलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "सावकाश बसायलंय. पण बसायलंय."

लग्नात चौघींनी कुजबुजून विचारलं होतं, त्याचा राग तेव्हा गेला. आमच्या भागात माणूस वाळलं की लोक आधी घाबरतात, कौतुक नंतर. त्यांनी जे वाळणं बघितलंय, त्याला जिम नव्हतं.

आत्याबाईंनी पदरानं बोटं पुसली. "आवतन दिलंय. उद्या जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी पुरणाच्या दोन पोळ्या मी ५५ मिनिटांत खाल्ल्या, नियमाप्रमाणं. तिसरी घेऊन त्या समोर उभ्या राहिल्या तेव्हा छप्पन्नावं मिनिट लागलं असावं. नक्की सांगता येत नाही, घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. मी हात पुढं केला. दंडही आला मागोमाग, जरा उशिरा.