श्री. मागच्यावेळकर

सहलीच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक मागच्यावेळकर असतात. कागदोपत्री आडनाव देशपांडे असेल, सावंत असेल, पण वाक्य "मागच्या वेळी आम्ही..." असं सुरू झालं की ओळखावं. आमच्या अंदमानच्या ग्रुपमधले काका बँकेतून निवृत्त झालेले. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला पाऊच आणि अंगात मालदीवचा टी-शर्ट.

"मग मालदीवला कुठला घातला होता?" मी काकूंना विचारलं.

"तारकर्लीचा," काकू शांतपणे म्हणाल्या.

बेटांच्या सफरीच्या आदल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये, सावरकरांच्या कोठडीसमोर, ते चप्पल काढून निमूट उभे होते. तेवढा अपवाद सोडला, तर काकांचं तोंड अखंड चालू. सफरीच्या दिवशी सकाळी जेट्टीवर इडली आली, तर "मागच्या वेळी कन्याकुमारीला..." बोट सुटली, तर "मागच्या वेळी चिलिका सरोवरात..."

पहिला थांबा रॉस बेट. 2018 पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. एके काळी इथून इंग्रज अंदमानचा कारभार हाकत. बेकरी, चर्च, नाचायला हॉल, सगळा थाट होता. आता त्या भिंतींना झाडांच्या मुळांनी अजगरासारखं आवळलंय आणि साहेबाच्या अंगणात हरणं चरताहेत. आम्ही अवाक. काकांनी मुळांवर एक नजर टाकली. "मागच्या वेळी अंकोरला गेलो होतो. मुळं तिथली! हे आपले फुटवे."

दुपारी नॉर्थ बे. गाइडनं खिशातून वीस रुपयांची जुनी लाल नोट काढली आणि तिच्या पाठीवरचं चित्र समोरच्या देखाव्याशी जुळवून दाखवलं. तोच किनारा, तेच दीपगृह. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पाऊचमधून नवी नोट काढली. "अब इसके उपर हमारा वेरूळ है!" टाळ्या तिथेच विरल्या. (वेरूळला गेले होते तेव्हा काका दिवसभर अजिंठ्याबद्दल बोलत होते, ही माहिती काकूंची.)

"भैया, पिछले टाइम हम मालदीव गये थे. उधर पानी का तळ दिखता था."

"सर, पहले मुंडी तो पानी में डालो," गाइड म्हणाला आणि त्यानं काकांच्या तोंडात स्नॉर्केलची नळी दिली.

या नळीचा नियम साधा आहे. ती दातांत घट्ट धरायची आणि श्वास तोंडानंच घ्यायचा. बोलायला गेलं की समुद्र आत. काकांनी "माग..." एवढंच म्हणून पाहिलं आणि घोटभर खारं पाणी पिऊन खोकले. मग लाइफ जॅकेटवर पालथे तरंगत, गाइडचा हात धरून, ते पंधरा मिनिटं गप्प होते. खाली प्रवाळांची झुडपं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि एक हिरवानिळा पोपटमासा प्रवाळ कुरतडत निवांत चाललेला.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर मास्कचा गोल वळ होता. "निळा होता," एवढंच म्हणाले आणि वाळूत बसले.

"वो मछली कोरल खाती है, सर," गाइड म्हणाला, "और पीछे से रेत निकालती है. आप जिस पर बैठे हो, उसमें वो भी है." काका टुणकन उठले. यावर मात्र मागच्या वेळचं काही निघालं नाही.

परतीच्या बोटीत पाचच्या सुमाराला सूर्य बुडाला, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. "मागच्या वेळी मालवणात सहा वाजून गेले तरी उजेड होता!" घड्याळ देशभर एकच आणि अंदमान पार पूर्वेला, हे त्यांना समजावण्याच्या फंदात कोणी पडलं नाही.

सहा महिन्यांनी ते दादर स्टेशनवर भेटले. केरळला निघाले होते. नवा ग्रुप, अंगात अंदमानचा टी-शर्ट. मला पाहताच त्यांनी ग्रुपला हाक मारली. "हे बघा, हे आमच्या अंदमानच्या ग्रुपमधले! काय ते पाणी! काय ती मुळं! आणि माणसं तर अशी, की मध्ये एक शब्द बोलत नसत."

पोपटमाशानं आमचं अख्खं अंदमान चावून संपवलं होतं. मी त्या पांढऱ्याशुभ्र वाळूत, जुन्या सवयीनं, गप्प उभा राहिलो.