मोजणाऱ्यांना प्रवेश नाही

अमेरिकेतल्या कॅसिनोवाल्यांची मला मनापासून दया येते. बिचारे फुकट दारू पाजतात, भिंतीवर घड्याळ लावत नाहीत, घर गहाण टाकून आलेल्यालाही ‘या साहेब’ म्हणून खुर्ची देतात. अशा प्रेमळ यजमानाकडे एखादा पाहुणा चक्क शुद्धीवर राहून ब्लॅकजॅक खेळतो, म्हणजे काय?

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजण्याची ही कीड एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने 1962 मध्ये पुस्तक लिहून पसरवली. हिशेबाची सोपी पद्धत तर चौथीतल्या पोरालाही जमेल. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की उणे एक. बेरीज चढली म्हणजे उरलेल्या पत्त्यांत मोठी पानं जास्त, मग पैसे वाढवायचे. ना बाहीत एक्का, ना पानाला नखाची खूण. झडती घ्यायची तरी कशाची?

केन उस्टन हा त्यातला अट्टल. पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमधलं मोठं पद सोडून हा गृहस्थ पत्त्यांकडे वळला. (शेअर बाजारात आकडेमोड केल्याबद्दल त्याला कुणी हाकललं नव्हतं.) अटलांटिक सिटीच्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनलने त्याला दार दाखवलं, तर हा थेट कोर्टात! आणि 1982 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तोही याच्याच बाजूने: खेळाचे नियम ठरवणार सरकारी आयोग, केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोने परस्पर कुणाला बाहेर काढायचं नाही. डोकं बरोबर आणायची मुभा मिळाली. मग काय, कॅसिनोंनी टेबलावर कॅट वाढवले आणि मोजणारा दिसला की मध्येच पत्ते पिसायला घेतले. बसा मोजत!

नेवाडात एवढी यातायात नाही. मोजणं तिथेही गुन्हा नाही, पण जागा मालकाची. खांद्यावर अदबीने हात पडतो: रूलेट खेळा, स्लॉट मशीन खेळा, ब्लॅकजॅक तेवढा नको. म्हणजे जिथे डोक्याचा उपयोग शून्य, तिथे तुमचं स्वागतच आहे.

तेव्हा लास व्हेगासला निघालेल्या वाचकांनी मोजताना ओठ हलवू नयेत, आणि मदतीला मोबाइल तर काढूच नये. यंत्र वापरून मोजणं नेवाडात 1985 पासून गुन्हा आहे. हरण्यावर मात्र दोन्ही राज्यांत कसलीही बंदी नाही.