नावडतीचं मीठ

आवडतीचा शेंबूड गोड आणि नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण ज्या कुणा बाईनं पहिल्यांदा उच्चारली, तिला आज कुठल्याही मासिकात संगीतसमीक्षेचं सदर हसत हसत मिळालं असतं. त्या व्यवसायाचं सगळं शास्त्र तिनं एका ओळीत सांगून ठेवलं आहे. मीठ अळणी की खारट हे चाखून ठरत नाही, वाढणारी कोण यावर ठरतं. समीक्षकांनी धुतलेल्या आणि चाहत्यांनीही वाळीत टाकलेल्या अल्बमवर जीव लावणारी माणसं सगळीकडे आहेत, पण त्यांची मोजदाद कुठल्याच जनगणनेत होत नाही. संमेलन भरवत नाही, अध्यक्षपदावरून भांडत नाही, असा महाराष्ट्रातला हा बहुधा एकमेव अल्पसंख्य समाज. चारचौघांत आवड विचारली तर ही मंडळी किशोरीताईंचं किंवा बीटल्सचं नाव सांगून मोकळी होतात आणि खरा माल घरी, कानांना हेडफोन लावून, दार ओढून घेऊन ऐकतात. त्यांच्या वतीनं इथं एक दावा दाखल करायचा आहे. अल्बमवरचा निकाल बहुतेक वेळा त्यातल्या आवाजावर नसतोच, मोडलेल्या अपेक्षेवर असतो; आणि म्हणून टाकून दिलेला अल्बम आवडणारा माणूस हा त्या खटल्यातला मुद्देमाल स्वतः उघडून पाहिलेला जवळजवळ एकटाच इसम असतो.

खटला हा शब्द इथं अलंकार नाही. नील यंग या कॅनडात जन्मलेल्या गायकानं १९८२ साली गेफन या नव्या कंपनीसाठी ‘ट्रान्स’ नावाचा अल्बम केला. गिटार आणि हार्मोनिका घेऊन उंच, कापऱ्या आवाजात गाणारा हा माणूस. चाहत्यांनी मोठ्या आशेनं रेकॉर्ड लावली, तर नऊपैकी सहा गाण्यांत त्याचा आवाज व्होकोडर नावाच्या यंत्रातून गाळून आलेला, फ्रिजला पडसं झाल्यासारखा. पुढच्या वर्षी त्यानं पन्नासच्या दशकातल्या धर्तीचं रॉक अँड रोल काढलं, तेव्हा कंपनीचा धीर सुटला आणि तिनं त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार काय, तर हा गृहस्थ नील यंगसारखं संगीत करत नाही. नील यंगची नक्कल करण्यात नील यंग कमी पडला, हा गुन्हा! समीक्षक जे आडून आडून बोलतात ते कंपनीनं वकील लावून सरळ लिहून दिलं, याबद्दल खरं तर तिचे आभारच मानायला हवेत. यंगनं पुढं खुलासा केला, की त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हतं, आणि यंत्रातून येणारा तो आवाज त्या न पोचणाऱ्या बोलण्यातून आला होता. हे कळल्यानं अल्बममधला एक सूरही बदलत नाही. पण ‘शब्द कळत नाहीत’ म्हणून गुण कापणाऱ्यांनी, शब्द कळू नयेत यासाठी घेतलेले कष्टच दोषांच्या रकान्यात मांडले होते, एवढं मात्र कळतं. दावा मिटला, कंपनीच्या मालकानं गायकाची माफीही मागितली. अल्बमची कुणी मागितली नाही.

त्याआधी बारा वर्षं, जून १९७० मध्ये, बॉब डिलनचा ‘सेल्फ पोर्ट्रेट’ आला. दोन रेकॉर्डी, २४ गाणी, मुखपृष्ठावर डिलननं स्वतःच रंगवलेला चेहरा. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात ग्रील मार्कस यांनी त्यावर लिहिलेल्या परीक्षणाचं पहिलं वाक्य हा एक प्रश्न होता, आणि त्या प्रश्नातलं नाम घरात लहान मुलं वाचतात अशा वृत्तपत्रात छापता येत नाही. रागाचं कारण उघड होतं. लोकांना प्रेषित हवा होता. ज्याच्या पायावर डोकं ठेवायला निघाले, तो पारावर बसून दुसऱ्यांची गाणी गुणगुणत होता: जुनी लोकगीतं, लोकांना तोंडपाठ असलेली प्रेमगीतं, पॉल सायमनचं ‘द बॉक्सर’ तर स्वतःच्याच दोन आवाजांत. पहिल्याच गाण्यात हा गातच नाही. बायका त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. बुवा गप्प आणि टाळकरी रंगात, हा प्रकार कीर्तनाला बसलेल्या माणसाला मुळीच वावगा वाटणार नाही, पण अमेरिकेत वारी नाही, त्याला काय करणार? गंमत अशी, की हा अल्बम अमेरिकेत विक्रीच्या यादीत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे लोकांनी तो घेतला, आणि मग नाक मुरडलं. लोकांनी पिच्छा सोडावा म्हणून आपण तो केला, असं डिलननं नंतर सांगितलं, तेव्हा तर टीकाकारांना कबुलीजबाबच हाती लागल्यासारखं झालं. एरवी कलावंताची स्वतःविषयीची साक्ष हीच मंडळी ग्राह्य धरत नाहीत, पण ती सोयीची निघाली की तिला नोटरीचा शिक्का लागतो.

आता घरचं उदाहरण. १९८२ सालीच मुंबईच्या चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारे, म्हणजे ज्यांचा हात सगळ्यांनी ऐकलेला आणि नाव कुणी न वाचलेलं अशांपैकी. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची यंत्रं जोडली आणि तोडी, मालकंस, यमन, मेघमल्हार सुमारे पाच पाच मिनिटांत वाजवून दाखवले. रेकॉर्ड पडली. रागवाल्यांना ती डिस्को वाटली आणि डिस्कोवाल्यांना राग. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. शुद्धतावाद्यांची बाजू आधी मान्य करून टाकू. यात विलंबित नाही, बढत नाही, पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच ठेक्यावर हजेरी लावतात. ठेक्याच्या यंत्रात सोळा घरं असतात, चार चारांचे चार गट, म्हणजे कागदावर थेट तीनतालच. पण डिस्कोत खाली नसते, सगळ्याच भरी. हे सगळं खरं. तरीही त्यातलं टीबी-३०३ नावाचं खोकं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आणि ते घसरणं मींडेची निदान दूरची मावसबहीण आहे हे कानाला कळतं. इथं आपल्या रसिकतेचा एक जुना निकाल आठवावा. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर उभं केलं होतं, तिचा एक मोठा गुन्हा हा की तिच्यातून मींड निघत नाही. म्हणजे मींड निघत नाही म्हणून पेटी वाईट, आणि मींड निघते तरी यंत्र वाईटच! त्या तीन दशकांत मराठी नाट्यपद पेटीशिवाय उभं राहत नव्हतं ही गोष्ट दिल्लीला कुणी कळवली नसावी.

चरणजित सिंगांच्या रेकॉर्डीचं पुढं काय झालं ते अधिक बोधप्रद आहे. पिकतं तिथं विकत नाही. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रसिद्ध केली. तिकडच्या कानांना धक्का बसला, कारण त्याच खोक्यातून तसाच आवाज काढून शिकागोच्या पोरांनी १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार गाजवला होता, आणि इथं मुंबईत तो पाच वर्षं आधी तयार होता. शिकागोत कुणी ही रेकॉर्ड ऐकलेली असण्याचा संभव जवळजवळ शून्य. पण तारीख मिळाली ना, मग झालं. उतारवयातले सिंग युरोपात कार्यक्रम करू लागले, २०१५ मध्ये वारले, आणि आपल्याकडेही अभिमानाचे लेख आले. त्या लेखांत १९८२ हा आकडा जितक्या वेळा येतो तितक्या वेळा तोडी येत नाही. पूर्वी ही रेकॉर्ड नाकारली गेली ती न ऐकता, आणि स्वीकारली गेली ती पंचांग पाहून.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: बाबांनो, एखादा अल्बम खरंच वाईट असू शकत नाही का? असू शकतो, असतातही, भरपूर असतात. ‘सेल्फ पोर्ट्रेट’मध्ये आइल ऑफ वाइटच्या कार्यक्रमात डिलन स्वतःच्याच सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या शब्दांत अडखळतो, आणि हे त्या अल्बमच्या प्रेमिकाला परीक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण परीक्षकानं तो मुदतीपुरता ऐकला, यानं शंभरदा. आपल्या माणसाचं घोरणं शेजाऱ्यापेक्षा घरातल्यांना अधिक ऐकू येतं. सर्वांत अवघड प्रकरणच घेऊ. लू रीड या रॉक गायकाचा १९७५ चा ‘मेटल मशीन म्युझिक’: दोन रेकॉर्डी, तासाभराहून अधिक काळ फक्त ॲम्प्लिफायरसमोर ठेवलेल्या गिटारींचा कल्लोळ. शब्द नाहीत, ठेका नाही, चाल नाही. मिक्सरमध्ये चमचा राहून गेला आहे आणि घरात कुणी नाही, असा एकूण परिणाम. लोकांनी रेकॉर्डी दुकानांत परत आणून दिल्या, कंपनीनं काही आठवड्यांत माल मागं घेतला. पण परत आणायला आधी न्यावा लागतो. आदल्या वर्षी रीडचा ‘सॅली कान्ट डान्स’ अमेरिकेत पहिल्या दहांत गेला होता, आणि या नव्या वेष्टनावर तोच गायक ऐटीत उभा होता. लोकांनी गाणी विकत घेतली आणि आत वादळ निघालं. त्यांचा राग ग्राहक म्हणून अगदी रास्त होता. ग्राहक मंचाला मात्र आपण संगीतसमीक्षा म्हणत नाही. २००२ मध्ये बर्लिनमध्ये एका वाद्यवृंदानं या कल्लोळाची स्वरलिपी तयार करून तो साध्या वाद्यांवर, रीडच्या उपस्थितीत, वाजवला. एवढ्यानं तो गोड ठरत नाही. तो आवडणाऱ्यांतलेही कितीजण चारही बाजू एका बैठकीत ऐकत असतील, शंका आहे. मुद्दा इतकाच, की टाकून दिलं जाणं हा वाईटपणाचा पुरावा नव्हे. वाईटपणाचा पुरावा ऐकूनच गोळा करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हे सगळं सोंग आहे, चारचौघांत उठून दिसण्यासाठी. यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? लग्नाच्या पंगतीत ‘मला जिलबी आवडत नाही’ असं मोठ्यानं सांगणारा एकजण असतोच, आणि तो पुढं रॉक संगीतावर बोलू लागतो. पण सोंग ओळखण्याची सोपी कसोटी आहे. अल्बम पुन्हा प्रसिद्ध झाला, त्याच्यावर लेख आले, तो आवडणं प्रतिष्ठेचं झालं, की सोंगाडी दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवतो, दुसरा कुणी नावडता शोधायला. खरा प्रेमिक तिथंच राहतो. फक्त आता घरात पाहुण्यांची वर्दळ वाढली म्हणून जरा कातावतो.

आणि तिसरा आक्षेप, जो समजूतदार लोक घेतात: काळच न्याय करतो, धीर धरा. मेल्या म्हशीला मणभर दूध, असा तो न्याय. २०१३ मध्ये डिलनच्या कंपनीनं ‘अनदर सेल्फ पोर्ट्रेट’ नावानं त्याच काळातली न आलेली ध्वनिमुद्रणं काढली. वाहवा झाली. सोबतच्या पुस्तिकेतला लेख कुणी लिहावा? ग्रील मार्कस यांनी. माणसानं मत बदलू नये असं मुळीच नाही, उलट त्यांचा मोठेपणाच म्हणायचा. पण वाहवा कशाची झाली ते नीट पाहावं: पुष्कळ गाण्यांवरचं तंतुवाद्यांचं आणि कोरसचं लेपन खरवडून काढलेलं होतं, आतला साधा डिलन दिसू लागला, म्हणजे लोकांना १९७० मध्ये जो हवा होता तोच. मूळ अल्बमला न्याय मिळालाच नाही. त्याला आंघोळ घालून, नवे कपडे चढवून, दुसऱ्याच नावानं ओळख परेडला उभं केलं गेलं. ते गुळगुळीत व्हायोलिनचे थर, तो बायकांचा आळवणारा कोरस ज्याला आवडत होता, तो पन्नासहून अधिक वर्षांनंतरही जिथल्या तिथं एकटा आहे. मधे २०१६ मध्ये डिलनला नोबेल मिळालं, त्याचा या माणसाच्या सामाजिक स्थितीवर काहीही परिणाम झाला नाही.

तेव्हा परीक्षकांना आणि पुनर्परीक्षकांना विनंती, की या समाजाचा उद्धार करू नका. तुम्ही नव्या अल्बमकडे पाहा, तिथं काम पुष्कळ आहे. आणि वाचकांपैकी ज्यांना ‘मेटल मशीन म्युझिक’ची मूळ रेकॉर्ड कुठं जुन्या बाजारात दिसेल, त्यांनी चौथ्या बाजूचं लेबल वाचून बघावं. लांबीच्या जागी सोळा मिनिटं एक सेकंद लिहून पुढं ‘किंवा’ आणि अनंताचं चिन्ह छापलेलं आहे. शेवटची खाच बंद वर्तुळाची आहे. कुणी उठून सुई उचलेपर्यंत ती बाजू संपत नाही.