मोड, भंगार आणि आमचे आबा

सातारा-सांगलीकडं 'भंगार' या शब्दाला विसावा म्हणून नाही. रस्ता भंगार, पिक्चर भंगार, मामानं आणलेलं स्थळ भंगार. "काय लगा, भंगार बॉलिंग टाकतोयस!" यात लोखंड कुठंच नाही. भंगार एसटीत ते असतं, पण ती चालू असते.

खरोखर मोडक्या वस्तूला मात्र हा शब्द लावताना जपावं लागतं. आमच्या माळ्यावर फुटकं घंगाळ आहे. त्याला भंगार म्हटलं की आजी खवळते. तांब्या-पितळेची ती 'मोड'. भांड्यांच्या दुकानात तिचं वजन होतं, पैसे वळते करून नवं पातेलं येतं. भंगार म्हणजे गंजका पत्रा, खिळे, मोडकी खुर्ची. हा भेद आजी सोवळ्यासारखा पाळते. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेली, तेव्हा मोड काय अन् भंगार काय, सगळं एकाच चिखलात आलं. त्या दिवसांत हा शब्द हसून उच्चारणारं कुणी भेटलं नाही.

एरवी खरी मजा भंगारवाल्याचा गाडा दारात आल्यावर. "एवढं भंगार न्या एकदाचं," असं वर्षभर म्हणणारे आबा विहिरीवरच्या जुन्या मोटरीपुढं आडवे उभे राहतात.

"भंगार कुणाला म्हणतोस? नुसतं वायंडिंग जळलंय!"

गाडेवाला उकिडवा बसतो, टिचकी मारतो. "आबा, हे बीड. हा पत्रा. आतली तार तांब्याची, तिचा भाव येगळा." तांबं म्हटल्यावर आबांचा स्वर उतरतो. चहा सांगितला जातो.

या विद्येचं मोठं पीठ आमच्याकडंच, किर्लोस्करवाडीला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना मांडला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगतात. तोफेला तोंडावर भंगार म्हणायला कोण पुढं झालं असेल, देव जाणे.

तेव्हा आमच्याकडं कुणी तुम्हाला भंगार म्हणालं, तर लगेच बाह्या सरसावू नका. बीड का पत्रा, एवढं विचारून घ्या. भावात फरक पडतो.