चौदा वेळा पोरका

काकू आजवर चौदा वेळा मेल्या. तीनदा ड्रॅगनने जाळलं, दोनदा साथ आली, एकदा एका जादूगाराने त्यांचा दगड केला. बाकी प्रत्येक वेळी अख्खं गावच पेटलं. आणि दर वेळी राख निवायच्या आत त्या स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लिंबू हवंय का कुणाला?"

त्यांना मारणारा त्यांचा एकुलता एक मुलगा. वय ३८, नोकरी विम्याचे दावे तपासायची, घरातलं नाव बाळ्या. तुमच्या ओळखीत हा माणूस असणारच. गणेशोत्सवाच्या नाटकात दोन वाक्यांचा हवालदार वाट्याला आला, तर हवालदाराचं आजोळ कुठलं ते लेखकाला विचारणारा. आमच्या नशिबी तो फाशांच्या खेळात आला.

दर रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जण कोथरूडला त्याच्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. मी डीएम. म्हणजे गोष्ट सांगायची, आणि राक्षसापासून सराईच्या मालकापर्यंत सगळ्यांची सोंगं एकट्याने वठवायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. पात्राने जे करायचं म्हटलं ते जमलं की फसलं, हे फासे सांगतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला, तेव्हा पात्र करणं हे चहा उकळेपर्यंतचं काम होतं. तीन फासे सहा वेळा टाका, ताकद, बुद्धी, शहाणपण वगैरे सहा रकाने भरा, नाव ठेवा आणि उतरा भुयारात. मेलात तर पुन्हा तीन फासे.

बाळ्याला पात्र करायला सहा आठवडे लागतात.

त्यातले दोन आकडेमोडीत जातात. हल्लीच्या नियमांत फासे नको असतील तर २७ गुण मिळतात, ते सहा रकान्यांत वाटायचे. प्रत्येक रकाना ८ पासून सुरू होतो, १५ च्या वर जाता येत नाही, आणि १५ घ्यायचे तर एकट्यालाच ९ गुण मोजावे लागतात. विमावाला तो, त्याने पहिल्याच रात्री हिशेब लावला: तीन रकान्यांत १५, उरलेल्या तिन्हींत ८, नव त्रिक सत्तावीस. अशा रीतीने त्याचा प्रत्येक नायक तीन बाबतींत अलौकिक आणि तीन बाबतींत जेमतेम चालता-बोलता असतो.

उरलेले चार आठवडे बॅकस्टोरीचे. ही तो दोनशे पानी वहीत निळ्या शाईने लिहितो. नायकाचं नाव उच्चारायला दोन श्वास लागतात. पहिली आठ पानं घराणं, शाप आणि तलवार. नवव्या पानावर आई मरते. कधी आठव्यावर नाही, कधी दहाव्यावर नाही. तो हे मोठ्याने वाचून दाखवतो, आणि आतून काकू विचारतात, "झालं का रे माझं? मग फोडणी टाकते."

मी एकदा त्याला गंमत म्हणून सांगितलं की ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या १९७७ सालच्या एका खेळात पात्र तयार करता करताच मरू शकायचं. नोकरीची वर्षं फाशांवर मोजायची. फासा फिरला की माणूस खेळ सुरू व्हायच्या आधीच खलास. वाटलं, हा घाबरेल. तर याचे डोळे लकाकले. "म्हणजे बॅकस्टोरीत मी स्वतःही मरू शकतो?"

त्याच्या तेराव्या नायकाचं काय झालं ते सांगतो. जादूगार, २३ पानं, खापरपणजोबांपर्यंतची वंशावळ. प्रकृतीच्या रकान्यात अर्थातच ८. पहिल्या पायरीच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, मुळात ६, प्रकृतीपायी त्यातला १ वजा, राहिले ५. जंगलातून एका गॉब्लिनने बाण सोडला. साधा गॉब्लिन, मी त्याला नावही दिलं नव्हतं. बाणाचे झाले ६. नायक आडवा. आता मरतो की जगतो यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० च्या खाली तीनदा आला की कारभार आटोपला. पहिल्यांदा आला १, तो एकदम दोन अपयशांच्या बरोबरीचा. दुसऱ्यांदा आला ४. सहा आठवडे आणि २३ पानं, वीस मिनिटांत संपली. बाळ्याने शांतपणे वही मिटली, पिशवीतून दुसरी काढली आणि वाचायला लागला, "उत्तरेकडच्या पर्वतांत एक गाव होतं..."

"होतं ना," आतून आवाज आला. "जाळ आता."

खरं सांगतो, मी दोनदा त्याला गटातून काढायचं ठरवलं. दोन्ही वेळा मसाल्याच्या डब्याने घात केला. आमचे फासे काकूंच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात राहतात. फाशांचा एक संच सात फाशांचा आणि डब्यात वाट्याही सात. हा शोध बाळ्याचाच. वीस बाजूंचे फासे हळदीच्या वाटीत असतात, म्हणून आमच्याकडे नशीब पिवळं आहे. शिवाय बाकी सगळे फोनवर मेसेज पाहत असतात तेव्हा हा एकटा माझं ऐकत असतो. दीड वर्षापूर्वी मी थापेत सांगितलेल्या सराईवाल्याचं नाव मला आठवत नाही. याला त्याच्या म्हशीचं आठवतं. ऐकणारा माणूस मिळत नाही हो हल्ली. तो तेवीस पानं घेऊन आला तरी चालवून घ्यावं लागतं.

गेल्या जुलैमध्ये मुसळधार पावसाने तिघे आलेच नाहीत. मी, बाळ्या आणि एक ओली छत्री. खेळ रद्द म्हणणार, तोच काकू हात पुसत बाहेर आल्या. "मी बसते. काय करायचं असतं?"

मी म्हटलं, चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान बाजूला काढायचा, उरलेल्यांची बेरीज.

"टाकायचा कशाला? आलाय तर असू दे."

नियमापुढे त्या नाइलाजाने वाकल्या. ताकदीला १६ आले. सामानाची यादी त्यांनी चष्मा लावून वाचली: दहा दिवसांचा शिधा, दहा मशाली, पन्नास फूट दोर, पाण्याची पखाल. "यात मीठ नाही," त्या म्हणाल्या. मी मीठ लिहिलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

"आणि बॅकस्टोरी?" बाळ्याने विचारलं. आवाजात परीक्षकाचा ताठा होता.

काकूंनी क्षणभर हळदीच्या वाटीतला फासा बोटांत फिरवला. "मुलगा लहानपणी हरवलाय. त्याला शोधायला निघालेय."

"कुठलं गाव?"

"तुझंच. उत्तरेकडचं."

"आई, असं नाही चालत. माझी आई मेलीय. पान नऊ."

"तू सहा वर्षांचा होतास, तुला काय कळतंय? गाव जळालं तेव्हा मी बहिणीकडे गेले होते, साताऱ्याला."

त्या जगात सातारा नाही. मी डीएम आहे, हरकत घेणं माझं काम होतं. मी नकाशा काढला आणि पर्वतांच्या दक्षिणेला सातारा लिहिला.

बाळ्या बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग त्याने, आमच्या गटात पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या पात्राला प्रश्न विचारला. "किती वर्षं शोधतेयस?"

"मोजली नाहीत," काकू म्हणाल्या. "जेवलास का?"

त्या दिवसापासून काकू दर रविवारी खेळतात आणि पोहे आधी करून ठेवतात. तिघांपैकी एकाची बदली झाल्याने आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. यायचं असेल तर या, फासे आम्ही देऊ. फक्त आई-वडील जिवंत ठेवून या.